बेचाळीस सह्यांचं मानपत्र

इंद्रिकिस पुरमालिस नऊ वर्षं राजधानीत, रिगाच्या संसदेत बसला आणि तेवढ्या काळात गावाला त्यानं दोन गोष्टी आणून दिल्या. दलदलीचं पाणी काढणारा चर, आणि शाळेवर नवं छप्पर. याहून जास्त आणणारे प्रतिनिधी थोडेच होते, आणि कमी आणून स्वतःची घरं बांधणारे पुष्कळ.

बाप जमीनदाराकडे गडी. लढाई संपली, देश आपला झाला, जहागिरी मोडून जमिनी वाटल्या गेल्या. मोजणीदाराच्या मागं साखळी ओढत फिरलेला इंद्रिकिस नव्या शेतकऱ्यांच्या पक्षातर्फे निवडून आला. पक्ष कसला, सभागृहात हा एकटाच! पण शंभर माणसांत वीस-पंचवीस पक्ष, त्यामुळे कधी कधी अख्खं सरकार याच्या एका मतावर लटकायचं. मग मंत्री हाताला धरून कॉफीला न्यायचे. गावात लोक त्याला ‘अर्धा पंतप्रधान’ म्हणून चिडवत. तो चिडत नसे. आवडायचं त्याला, खोटं कशाला बोला.

एकोणीसशे चौतीसच्या मे महिन्यात पुऱ्या पंतप्रधानांनीच संसदेला कुलूप घातलं. बड्या विरोधकांना धरून नेलं. इंद्रिकिस बॅग भरून दोन दिवस वाट बघत बसला, पण त्याला धरायला कोणी आलंच नाही. ते त्याच्या फार जिव्हारी लागलं. तो घरी आला आणि मधमाश्या पाळू लागला.

दोन वर्षांनी त्याला पन्नास पूर्ण झाली. आमच्याकडे पन्नाशीला माणसाला ओकच्या पानांचा हार घालतात आणि मानपत्र देतात. गिरणीवाला फ्रिसिस दुंदुरिस, इंद्रिकिसचा लहानपणापासूनचा मित्र, शाईची दौत घेऊन घरोघर हिंडला. आपलिस मास्तरांनी कोरून काढल्यासारख्या अक्षरांत वर लिहिलं, ‘आमच्या प्रतिनिधीस’. तेव्हा हा शब्द उच्चारायची चोरी होती, तरी खाली बेचाळीस जणांनी सह्या केल्या. प्रत्येकानं सहीपुढे आपल्या शेतघराचं नाव घातलं, कारण घराच्या नावाशिवाय माणूस पुरा होत नाही. इंद्रिकिस त्या दिवशी सगळ्यांसमोर रडला.

चाळीस साली रशियाचे रणगाडे आले. दुसऱ्याच आठवड्यात त्याची बायको ओटिलिया म्हणाली, “ते मानपत्र चुलीत घाल.”

“घालतो.”

“आत्ता घाल. माझ्यासमोर.”

त्यानं चुलीचं दार उघडलंसुद्धा. कातडी वेष्टणाला धग लागली, वास सुटला, आणि त्यानं हात मागं घेतला. संसद गेली, पक्ष गेला, आता देशही गेला. आपण कुणाचे तरी कोणी होतो, याचा एवढाच पुरावा उरला होता. बायकोला त्यानं जाळलं म्हणून सांगितलं आणि रिकाम्या मधपेटीत ते लपवलं. माश्यांच्या भीतीनं तिथं कोण हात घालणार, असा त्याचा हिशेब. नऊ वर्षं राजकारण केलेल्या माणसाची ही अक्कल!

पुढच्या मार्चमध्ये, ओटिलिया बाजाराला गेलेली असताना, बंदूक शोधायला नव्या सरकारचे तिघे आले. थंडीत माश्या गोळा होऊन बसलेल्या असतात, त्यांची कसली भीती. तिघांनी पेट्या उघडल्या आणि मानपत्र हाती लागलं. त्यातला एक आपल्याच मुलखातला होता. त्यानं पानं सावकाश उलटली आणि म्हणाला, “अक्षर सुंदर आहे हो. आणि पत्तेसुद्धा दिलेत.” मानपत्र घेऊन ते निघून गेले. इंद्रिकिसला हातही लावला नाही.

तो तडक गिरणीवर गेला, सांगायचंच असं ठरवून. फ्रिसिस पिठानं पांढरा झालेला, नातीच्या बारशाचं बोलत होता. पेय कुठलं आणायचं, डुक्कर कधी कापायचं. इंद्रिकिस तासभर मान डोलवत बसला आणि नुसतंच पीठ घेऊन परतला. उद्या सांगू म्हणाला. मग परवा. एप्रिल गेला, मे गेला. बेचाळीस घरांपैकी एकाच्याही दारात जाऊन त्याला तोंड उघडता आलं नाही. भाषणांचा माणूस ना तो!

जूनच्या चौदा तारखेला सकाळी स्टेशनवर माणसं रशियात न्यायला गुरांचे डबे उभे होते. इंद्रिकिस आणि ओटिलियाला पहाटेच घरातून उचलून तिथं आणलं. बायकांना वेगळं काढलं. ओटिलियानं जाताना एवढंच म्हटलं, “कोट घे.” तिला अजून काहीच ठाऊक नव्हतं.

डब्यात घटकाभरानं फ्रिसिसला ढकललं. तो शेजारी येऊन टेकला.

“इंद्रिक, तुझं समजतं मला. तू पुढारी. पण मी कोण रे? गिरणीवाला. कधी सभेला गेलो नाही.” मग त्याला आठवलं. “ते मानपत्र जाळलंस ना तू?”

“जाळलं,” इंद्रिकिस म्हणाला.

“बरं केलंस. आपण दोघं गेलो तर गेलो. बाकीचे एक्केचाळीस तरी सुटले. मीच हिंडलो होतो रे त्यांच्याकडे, ‘घाबरू नका, सही करा’ म्हणत.” त्यानं इंद्रिकिसच्या गुडघ्यावर थोपटलं.

डब्याचं दार पुन्हा सरकलं. आपलिस मास्तर चढले. चष्मा नव्हता, एकाच पायात सपात होती. अंधारात त्यांना कोण कुठं बसलंय ते दिसेना.

“जरा सरकून बसा,” ते म्हणाले. “आपल्याच गावची माणसं आहेत. मागं रांग लागलीय.”

फ्रिसिसनं गुडघ्यावरचा हात काढून घेतला. इंद्रिकिस सरकला.