वाफेखालचा चेहरा

नेरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत सुमेधाताईंचं पार्लर होतं, आणि त्या पार्लरात त्यांचा जीव अडकला होता तो वाफेच्या मशीनमध्ये. मशीन नव्हतं तेव्हा त्या गॅसवर पातेलं ठेवायच्या, बाईच्या डोक्यावरून टॉवेल ओढायच्या आणि बजावायच्या, "नाकानं श्वास घ्या, मधे बोलू नका." नेरमधल्या निम्म्या नवऱ्या मुली त्या टॉवेलाखालून निघून बोहल्यावर चढल्या. पुढे त्यांचे यजमान नंदकिशोरराव यांनी नागपूरहून स्टीमर आणून दिला. नंदकिशोरराव पंचायत समितीत कारकून, आणि स्वभावानं महाचिक्कट. त्यांनी न मागता बायकोला आणून दिलेली ही एकच वस्तू, त्यामुळे त्या मशीनचा तोरा घरात जरा जास्तच होता.

तोरा उतरवला तो लेकीनं. आभा नागपूरला कोर्स करून आली आणि आल्या आल्या म्हणाली, "आई, फेशियलमध्ये वाफेची गरज नसते आता."

"का? चेहऱ्याची छिद्रं उघडायची कशी मग?"

"छिद्रं काही दारं नाहीत, वाफेनं उघडायला आणि गार पाण्यानं मिटायला. वाफेनं कातडी नरम पडते, बस. ते गरम टॉवेलनंही होतं. आणि ज्यांना वांग आहे, ज्यांचा चेहरा लगेच लाल होतो, त्यांना तर वाफ देऊच नये."

"म्हणजे इतकी वर्षं मी बायांच्या तोंडाला पानंच पुसली म्हण!"

हा वाद त्या घरात रोज व्हायचा, कधी पोळ्या लाटताना, कधी गिऱ्हाइकासमोरसुद्धा. सुमेधाताईंचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. आसपासच्या गावांतून येणाऱ्या बायांच्या चेहऱ्यावर उन्हाचा आणि धुळीचा थर असायचा, तो वाफेनं सैल व्हायचा. आणि दुसरंही एक होतं. या बाया घरी क्षणभर बूड टेकत नाहीत. वाफेखाली मात्र त्यांना बसावंच लागायचं. कितीतरी जणी तिथे चक्क घोरायच्या. आभा म्हणायची, "मग बसायला खुर्ची दे, वाफ कशाला?" यावर सुमेधाताई आवाज चढवायच्या.

दोन हजार सतराचा पावसाळा सरत आला होता. कपाशी त्या वर्षी माणसाच्या डोक्याबरोबर वाढली होती आणि बोंडात अळी शिरली होती. जो तो पाठीवर पंप अडकवून फवारत होता, आणि एवढ्या उंच झाडावर मारलेलं औषध उडून मारणाऱ्याच्याच तोंडावर येत होतं. यवतमाळच्या दवाखान्यात माणसं भरती होत होती, काही परत येत नव्हती. नंदकिशोरराव पेपर मोठ्यानं वाचायचे, सुमेधाताई हळहळायच्या आणि उठून कामाला लागायच्या. ते सगळं शेतातलं, पंपवाल्या पुरुषांचं. पार्लरचा उंबरा ओलांडून ते आत येईल असं त्यांच्या मनातही आलं नाही.

अशात एका दुपारी जवळच्याच खेड्यातली सलोनी आपल्या आईला ओढत घेऊन आली. सलोनीचा दुसऱ्या दिवशी साखरपुडा होता, पाहुणे कळंबचे. तिचं स्वतःचं फेशियल आदल्या दिवशीच झालं होतं.

"काकू, आज माह्या मायचं करा. आधी वांग काढा तिचे."

इंदूबाई दारातच थबकल्या. "मले कायले वो बाई? साखरपुडा पोरीचा हाय."

"फोटोत तुम्हीपण येणार ना, इंदूबाई? या, बसा." सुमेधाताईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं. "जेवून आलात का?"

"कायचं जेवण! आज फवारणीले माणूस आलता. त्याले पाणी आणून देल्लं, औषध कालवून देल्लं. काडी सापडे ना, मंग हातानंच कालवलं. आंग धुतलं, लुगडं बदललं आन बस धरली."

हे त्या सगळ्यांसमोर बोलल्या. आभानं ऐकलं, सलोनीनं ऐकलं, सुमेधाताईंनी तर अगदी जवळून ऐकलं. पण आयाबायांच्या सकाळच्या कामाची यादी कोण कान देऊन ऐकतं?

चेहरा पुसून झाला तशी आभा हळूच म्हणाली, "आई, यांना वांग आहे. वाफ नको देऊस."

"गिऱ्हाइकापुढं शिकवू नकोस मला," म्हणून सुमेधाताईंनी मशीनचं बटण दाबलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना इंदूबाईंचे वांग दिसतच नव्हते, समोर दिसत होती ती नागपूरहून शहाणी होऊन आलेली लेक.

वाफ सुरू झाली. इंदूबाईंच्या कपाळावर घाम डवरला, गळ्यावरून ओघळायला लागला. सुमेधाताई कौतुकानं म्हणाल्या, "बघा, मळ कसा सुटतोय." डोळ्यांतून पाणी यायला लागलं, नाक वाहायला लागलं. वाफेखाली सगळ्यांचंच वाहतं. त्यांनी रुमालानं टिपून घेतलं.

"बाई, डोळ्यायपुढं धुंद दिसून राह्यलं वो."

"वाफ आहे ना, धुंदच दिसणार. मिटा डोळे."

"मळमळून राह्यलं."

"उपाशी आलात म्हणून. झाल्यावर चहा टाकते."

इंदूबाईंनी डोळे मिटले. मान एका बाजूला कलली, ओठांच्या कडेतून लाळ गळली. सलोनी हसली. "झोपली वाट्टे माय. काकू, आनखी थोडी चालू द्या न वाफ. घरी कुटी झोपते ते."

पोरीची माया बघून सुमेधाताईंनाही भरून आलं. त्यांनी मशीनमध्ये पुन्हा पाणी भरलं.

शेवटी मशीन बंद केलं, खिडकी उघडली. खोलीतली वाफ विरली तरी इंदूबाईंचा घाम थांबला नाही. टिपला तरी पुन्हा येत होता. गालाचं मांस आपोआप फडफडत होतं. आभानं त्यांची पापणी वर केली, तर डोळ्यातली बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी झालेली.

"आई, हे वाफेचं नाही," ती म्हणाली.

मग रिक्षा, नेरचा दवाखाना, तिथून यवतमाळ. सुमेधाताई पार्लरच्या ॲप्रनवरच गाडीत बसल्या. यवतमाळला डॉक्टरांनी विचारलं, "घाम केव्हापासून सुटला? डोळ्यांतून पाणी केव्हापासून?" साधा प्रश्न होता, आणि इंदूबाईंच्या सर्वांत जवळ सुमेधाताईच उभ्या होत्या. तरी त्यांना सांगता येईना. वाफेचा घाम कुठे संपला आणि विषाचा कुठे सुरू झाला, हे त्यांना तेव्हाही कळलं नव्हतं, आत्ताही कळत नव्हतं. कोरड्या चेहऱ्यावर तोच घाम पाहिला असता तर त्या लगेच चरकल्या असत्या.

साखरपुड्याच्या दिवशी इंदूबाई गेल्या.

डॉक्टरांनी आभाला सांगितलं की विष सकाळीच अंगात भिनलं होतं, वाफेनं काही केलं नाही. लवकर आणलं असतं तर वाचल्या असत्या का, हेही छातीठोकपणे सांगता येत नाही. आभानं ते सगळं आईला सांगितलं. सुमेधाताईंनी त्यातलं 'लवकर' तेवढं ऐकलं. "मी म्हटलं होतं वाफ नको" हे वाक्य आभानं त्या दिवशीही उच्चारलं नाही आणि नंतरही नाही. ती एकदा बोलून मोकळी झाली असती तर सुमेधाताईंना बरं वाटलं असतं. मशीन एका नात्यातल्या मुलीला देऊन टाकलं. गिऱ्हाइकानं वाफेचं विचारलं की आभा वांगाचं, कातडीचं शास्त्र सांगायची, आणि सुमेधाताई तेवढ्या वेळात टॉवेलांच्या घड्या घालत बसायच्या. वाद लेकीनं जिंकला होता, पण त्याचं सुख दोघींपैकी एकीलाही नव्हतं.

आई गेली की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाही तर तीन वर्षं थांबायचं, ही आपल्याकडची रीत. कळंबची माणसं भली निघाली, त्यांनी सोयरीक मोडली नाही. उन्हाळ्यात सलोनीचं लग्न ठरलं आणि ती नवरीच्या मेकअपसाठी सुमेधाताईंकडेच आली. दुसरीकडे जाईल असं त्यांना वाटलं होतं, निदान तशी आशा होती.

पोरगी अर्धी झाली होती. सुमेधाताईंनी तिच्या गालाला हात लावला तशी ती आरशात बघत हळू आवाजात म्हणाली, "काकू, एक इचारू? त्या दिवशी वाफ वाढवा म्हून म्याच म्हनलं होतं न? बाबाले अजून सांगतलं नाई म्या. रोज रात्री तेच आठवते. म्या नसतं म्हनलं तं माय उठली असती."

सुमेधाताईंचा हात तिथेच थांबला. इतके महिने आपण एकट्याच जळतोय असं त्या समजत होत्या, आणि इथे ही कोवळी पोर आज बोहल्यावर उभी राहायची, ती हे मनात घेऊन.

"तू?" त्या म्हणाल्या. "तू कधी म्हटलंस? धसक्यानं तुला उलटंच आठवतंय. वाफ मीच वाढवली. तू नको म्हणत होतीस."

"म्या नको म्हनत होती?"

"हो. आभाला विचार."

आभा मागे उभी राहून गजरा सोडवत होती. तिनं मान वर केली नाही. "हो सलोनी. आईनंच वाढवली. आपण दोघी नको म्हणत होतो."

सलोनीच्या खांद्यावरचं ओझं उतरताना सुमेधाताईंना डोळ्यांनी दिसलं. पाठ सरळ झाली, श्वास मोकळा झाला. मग तिनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत आता माया नव्हती.

"मंग काहून वाढवली वो काकू?"

"चुकलं माझं," सुमेधाताई म्हणाल्या.

सलोनीनं त्यांचा हात आपल्या गालावरून बाजूला केला. "आभाताई, तुमी करा माहा मेकअप."

सुमेधाताईंनी ब्रश लेकीच्या हातात दिला आणि त्या बाहेर पायरीवर जाऊन बसल्या.