सातवी खेळाडू आणि माझा तक्रार अर्ज

नारळी पौर्णिमेनंतरचा रविवार: देवळातल्या बैठकीत आमचे घर वाळीत टाकण्यात आले. जबाबदार, गावकीचे अध्यक्ष आणि हात वर करणारे सर्व.

संक्रांतीनंतरचा मंगळवार: मुलींच्या कबड्डीच्या मैदानावर पोलिसांची जीप आली. जबाबदार, मी.

माघी गणपतीचा आदला दिवस: त्याच मैदानावर जांभ्या दगडांचे ढीग पडले. जबाबदार, पुन्हा अध्यक्ष. आणि दगड हटवण्याच्या माझ्या अर्जावर ‘बाब या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही’ असे लिहून हात झटकणारी दोन कार्यालये.

न्यायालयात आयुष्यभर कारकुनी केली. हकिकत क्रमाने मांडल्याखेरीज मला पुढे जाता येत नाही.

आमचा अपराध एवढाच होता की, समुद्राकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या वाटेवर गावकीने पर्यटकांसाठी गाळे बांधायचे ठरवले आणि मी तहसीलदारांकडे लेखी हरकत घेतली. त्या रविवारपासून आमच्याशी जो बोलेल त्याला दंड. गिरणीवर आमचे भात भरडून मिळेना. दुकानदार माझ्याकडे न पाहता तराजू पुसत राही. माझी पत्नी गेली त्या दिवशी मी, मुलगा आणि व्याही, असे तिघेच होतो. चौथा खांदा परगावाहून येईपर्यंत दुपार झाली. पन्नास पावलांवर माझे सख्खे चुलतभाऊ दारे लावून बसले होते.

नात यंदा बारावीत. सुरूबनामागच्या मैदानावर ती पूर्वी संघात चढाई करीत असे. बहिष्कारानंतर तिने बूट माळ्यावर टाकले आणि त्याविषयी बोलणे बंद केले.

दिवाळीनंतर एका सकाळी संघाची कर्णधार आमच्या फाटकाबाहेर येऊन उभी राहिली. ती अध्यक्षांची सख्खी पुतणी.

“आजोबा, तिला पाठवा. आमची एक लग्न होऊन गेली. सहा जणींनी कोपरा अडत न्हाय.”

“तुझ्या काकांना विचारलंस?”

“काका कोपऱ्यात उभा राहणार हाय काय?”

नात तिच्यामागे निघून गेली. मी लांबून पाहत राहिलो. सरावात तिने पहिली चढाई केली तेव्हा पलीकडे उभ्या संघातल्याच मुली तिला न शिवता नुसत्या मागे सरकत राहिल्या. ज्या घराशी बोलायचे नाही, त्या घरच्या मुलीला धरावे कसे, हे त्यांना कळेना. कडेला बसलेल्या बायकांतून आवाज आला, “अगो, हिला हात लावला तर दंड पडतो काय?”

दुसरी मैदानातल्या आपल्या लेकीला ओरडून म्हणाली, “न लावशील तर रोज सगळ्या बाद होऊन लोण देशील. मग घरी कंचं तोंड दाखवशील?”

बायका खदाखदा हसल्या. पुढच्या चढाईला कर्णधाराने नातीचा घोटा धरला, वर पाच जणी पडल्या, आणि त्या ढिगाखालून माझी नात मोठ्याने हसली. आमच्या घरात ते हसणे कित्येक महिन्यांत ऐकू आले नव्हते.

त्यानंतर जे घडले ते कोणत्याही ठरावाने घडले नाही. मुलींच्या आया एकाच कळशीतले पाणी सर्वांना देऊ लागल्या. गिरणीवाला एकदा मान खाली घालूनच म्हणाला, “पोरीनं काल तिघी बाद केल्या म्हणं. ठेवा गोण.” दत्तजयंतीला श्रीवर्धनकडच्या स्पर्धेत मुली जिंकल्या आणि टेम्पोतून परतताना नातीला खांद्यावर घेऊन देवळासमोरून नाचत गेल्या. अध्यक्ष पायरीवर उभे होते.

इथे माझा कायदा जागा झाला. मला वाटले, आता साक्षीदार मिळाले. आता बहिष्कार सिद्ध होईल. मी तक्रार अर्ज लिहिला आणि साक्षीदार म्हणून सहाही मुलींची नावे घातली. त्यांना विचारले नाही. साक्षीदाराला विचारायचे नसते, त्याला समन्स जाते, एवढेच मी नोकरीत शिकलो होतो.

जीप थेट मैदानावर आली. सराव थांबवून एकेकीला झाडाखाली बोलावण्यात आले. काळोख पडायच्या आत प्रत्येकीच्या घरचे कोणी ना कोणी येऊन तिला घेऊन गेले. कर्णधार जाताना माझ्यापाशी थांबली.

“आमची नावं कशाला दिलीत, आजोबा?”

“साक्षीदाराशिवाय गुन्हा उभा राहत नाही, बाळ.”

“आमी तो बहिष्कार मोडतच होतो ना?”

ती वळून घरच्यांच्या मागे निघून गेली.

नंतर सभामंडपाच्या बांधकामाचे निमित्त करून मैदानात दगड टाकण्यात आले. त्याला आता तीन आठवडे झाले. बांधकामाचा पत्ता नाही. फाल्गुनात जिल्हा संघाची निवड आहे. संघ उतरला तरच खेळाडू पाहिली जाते. एकटीला कोणी पाहत नाही. नातीचे हे वयोगटातले शेवटचे वर्ष. ती परसात काठीने मध्यरेषा ओढते, दम धरून चढाई करते आणि रिकाम्या अंगणातून परत येते. तिला धरायला कोणी नाही. खिडकीतून ते पाहवत नाही म्हणून मी टेबलाशी बसतो, आणि टेबलाशी बसलो की पुन्हा अर्जच लिहितो. दुसरे काही मला येत नाही, हीच माझी दुर्दशा आहे.

मुलींची नावे तक्रारीतून वगळावीत असे मी लेखी कळवले आहे. माझे नाव राहू द्यावे. सहाही घरी माफी मागायला गेलो. चार दारे उघडली नाहीत, दोन उघडून मिटली.

माझ्या चुकीचा जबाब मी वर दिला आहे. आता अध्यक्षांनी त्यांचा द्यावा. मला टपालाने नव्हे, देवळातल्या बंद बैठकीतही नव्हे. येत्या ग्रामसभेत, गावातल्या बायकामुलींसमोर, ध्वनिक्षेपक हातात घेऊन त्यांनी सांगावे: ते दगड कोणाच्या हुकमाने पडले, निवडीच्या आधी ते कोणत्या दिवशी उचलले जातील, आणि पुतणीने माझ्या नातीशेजारी उभे राहून खेळायचे की नाही? पुतणी समोर बसलेली असताना, तिच्याकडे पाहून सांगावे.