पाळणाघराचं घड्याळ

मंगळवारी सकाळी साडेसात वाजले, निदान पाळणाघराच्या भिंतीवर तरी, तेव्हा मावशींच्या एका हातात ओलं फडकं होतं आणि दुसऱ्या हातात हजेरीची वही. दोन्ही कामं एकदम करायची त्यांना सवय आहे. दार उघडायचं, मूल आत घ्यायचं, त्याचे बूट फळीवर ठेवायचे, घड्याळाकडे बघायचं आणि वेळ लिहायची. अंदाजाने लिहिलेली एकही वेळ या वहीत सापडायची नाही, असं त्या नव्या पालकांना पहिल्याच दिवशी ऐकवतात.

घड्याळ मात्र दहा मिनिटं पुढे आहे. एकोणीस वर्षांपूर्वी पाळणाघर सुरू झालं, त्याच महिन्यात मावशींनी ते मुद्दाम पुढे केलं. बंद करायची वेळ झाली तरी पालकांचा पत्ता नसायचा. घड्याळ पुढे केल्यावर आठवडाभर सगळे वेळेवर आले. मग गुपित फुटलं, आणि सगळे मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करून पूर्वीइतक्याच उशिरा येऊ लागले. घड्याळ मागे घ्यायचं तेवढं राहून गेलं. पुढे मावशींनी हातातलं घड्याळही त्यालाच जुळवलं. त्या बस थांब्यावर दहा मिनिटं आधी पोचतात, दवाखान्यात दहा मिनिटं आधी जाऊन बसतात. लोक त्यांना वक्तशीर म्हणतात, आणि त्यांनाही ते पटलेलं आहे.

त्या मंगळवारी टिल्लूची आई आली ती हातात पत्र घेऊनच. ती शर्टांच्या कारखान्यात काजांच्या मशीनवर बसते, आठ ते पाच. टिल्लूचे बाबा लांब पल्ल्याच्या ट्रकवर असतात, घरी आले की पाहुण्यासारखे. टिल्लू दोन वर्षांचा आहे आणि त्याच्या पाळणाघराच्या फीमधला दोन तृतीयांश वाटा गेल्या महिन्यापासून सरकार भरतं. योजना नवी आहे, अटी थोड्या आहेत. आई-बाप कामावर असतील तेवढ्या वेळेपुरतीच मदत, शिवाय जायला अर्धा तास आणि यायला अर्धा तास. महिन्यात पाच वेळा इकडेतिकडे झालं तर चालतं. सहाव्या वेळेला मदत थांबते. महिनाअखेरीला मावशी हजेरीच्या पानाची प्रत मदत कार्यालयात पाठवतात.

पत्रात लिहिलं होतं की गेल्या महिन्यात सतरा दिवस मूल संध्याकाळी साडेपाचनंतरही पाळणाघरात होतं, सबब मदत थांबवली आहे. खुलासा आठ दिवसांत करावा.

"मावशी, मी पाच पंचवीसला इथे असते," टिल्लूची आई म्हणाली.

मावशींनी वही उघडली. "पाच पस्तीस. पाच चौतीस. पाच सदतीस."

"पाचला भोंगा होतो. पाच पाचच्या बसमध्ये मी लोंबकळत असते. मधली दहा मिनिटं मी काय दुकानं बघत फिरते?"

"ते मला काय माहीत? ही वही मी एकोणीस वर्षं लिहितेय."

"मग एकोणीस वर्षं चुकीची लिहिताय."

मावशींचा चेहरा लाल झाला. आत मदतनीस मुलगी दुधाच्या बाटल्या उकळत होती. तिने तिथूनच सांगितलं, "मावशी, आपलं घड्याळ पुढे नाही का?"

मावशी घड्याळाकडे बघत राहिल्या. माहीत नव्हतं असं नाही. पण जी वेळ आपण जगतो तीच खरी, अशी त्यांची समजूत कधी झाली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पालकांनी दहा मिनिटं वजा केली, मदतनीस मुलीने केली. वहीने केली नाहीत.

"झालं तर," टिल्लूच्या आईने पर्समधून पेन काढलं. "सतरा ठिकाणी पस्तिसाचं पंचवीस करा. मी कामाला पळते."

"खाडाखोड करायची नाही."

"मावशी, मदत बंद झाली तर तुमची फी देऊन माझ्या हातात बसचं तिकीट उरेल. त्यापेक्षा मशीन सोडून घरी बसलेली काय वाईट? मुकादम तर वाटच बघतोय, त्याची भाची रांगेत उभी आहे."

"घरी बस असं कोण म्हणतंय? तू कामावर जा. मी उद्या त्या कार्यालयात जाते."

"आणि काय सांगणार?"

"काय सांगणार म्हणजे? घड्याळ पुढे आहे म्हणून सांगणार."

दुपारी मुलं झोपल्यावर मावशींनी एका कागदावर लिहिलं: आम्ही खाली सही करणारे पालक सांगतो की या पाळणाघराचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे आणि हे आम्हाला पहिल्यापासून माहीत आहे. संध्याकाळी त्या दारात कागद घेऊन उभ्या राहिल्या. माणसं सही करताना हसत होती. वकिलाकडे टायपिंग करणाऱ्या एका बाबांनी 'माझ्या माहितीप्रमाणे' एवढं वरून घातलं. एका आईने विचारलं, "म्हणजे आजपर्यंत तुम्ही मला उशीर झाला म्हणून बोलत होतात, तो झालाच नव्हता?"

"तुला झालाच होता," मावशी म्हणाल्या. "दहा वजा करूनही."

जुळ्यांच्या आजोबांनी मात्र सही करायच्या आधी चष्मा पुसला. ते प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले.

"दहा नाही. अकरा."

"दहाच आहेत, आजोबा. मी स्वतः पुढे केलंय."

"केलं असेल. नंतर ते आपलं आपण आणखी एक मिनिट सरकलंय. दोन वर्षं बघतोय मी."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, तुमच्या घरचा मामला."

त्यांनी सही केली आणि कंसात 'अकरा' लिहिलं. मावशींना तो कंस काही आवडला नाही.

बुधवारी अकराच्या सुमारास त्या मदत कार्यालयात पोचल्या. टेबलामागे चाळिशीतल्या मॅडम होत्या, समोर फायलींचा ढीग. मॅडमनी कागद शांतपणे वाचला. सह्या मोजल्या. तेरा.

"मावशी, असं लिहून घेऊन उद्या कुणीही येईल. कुणी म्हणेल आमचं घड्याळ अर्धा तास पुढे आहे."

"मग तुम्ही येऊन बघा."

"बघायला माणूस पाठवायचा तर पुढच्या महिन्यात." मॅडमनी थोडा विचार केला. "तिथे आत्ता कोण आहे?"

मॅडमनी पाळणाघराला फोन लावला. मदतनीस मुलीला म्हणाल्या, "भिंतीवर किती वाजलेत ते सांग. विचार करू नकोस, काटे बघून सांग."

"अकरा चोवीस."

मॅडमनी मोबाइल बघितला. अकरा तेरा.

"अकरा मिनिटं," त्या म्हणाल्या.

"तुमचा मोबाइल बरोबर आहे ना?" मावशींनी विचारलं.

"माझा आहे. तुमचं काय ते बघू." मॅडमनी हजेरीचं पान पुढे ओढलं आणि पेन्सिलीने प्रत्येक वेळेतून अकरा वजा करायला लागल्या. संध्याकाळचे सतराच्या सतरा दिवस साडेपाचच्या आत आले. मावशींनी पदराने मान पुसली आणि उठायला लागल्या.

"बसा. संध्याकाळ मागे आली म्हणजे सकाळही मागे जाते."

मावशी बसल्या. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. पाळी आठला सुरू होते, म्हणजे मूल साडेसातच्या आधी पोचलं तर तीही चूकच. वहीत सात एकोणचाळीस असेल तर खरे सात अठ्ठावीस. मॅडमची पेन्सिल हळूहळू खाली सरकत होती. पहिली चूक. दुसरी. पानाच्या मध्यावर तिसरी, मग चौथी. चौथीनंतर पेन्सिल एका ओळीवर थांबली. वहीत सात चाळीस.

"दहा मिनिटं धरली असती तर हे बरोबर साडेसात," मॅडम म्हणाल्या. "अकरा धरली की सात एकोणतीस. पाच."

मावशींना जुळ्यांच्या आजोबांचा कंस आठवला. खाली अजून दोन ओळी होत्या. सात अठ्ठेचाळीस. सात पन्नास. दोन्ही सुटल्या.

"पाच," मॅडम पुन्हा म्हणाल्या. "पाच चालतात. हे सगळे गुरुवारच दिसताहेत. गुरुवारी काय असतं?"

"गुरुवारी तिची शेजारीण स्कूटरवरून सोडते. बाकीचे दिवस ती बसने येते."

मॅडमनी पानाच्या कोपऱ्यात सही केली आणि मदत पुन्हा चालू करायचा शेरा लिहिला. मग दुसरा कागद घेतला. "आता तुमचं. नोंदणीत उघडायची वेळ साडेसात आहे. तुम्ही उघडता सात एकोणीसला. बंद करता साडेसहाऐवजी सहा एकोणीसला."

"म्हणजे बेरीज तीच झाली."

"बेरीज तीच. पण लेखी समज द्यावी लागेल. फाइलला राहील."

एकोणीस वर्षांत मावशींच्या फाइलला काही लागलं नव्हतं. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि सही केली. परतताना बस थांब्यावर त्यांना वीस मिनिटं थांबावं लागलं.

संध्याकाळी टिल्लूच्या आईने बातमी ऐकली, टिल्लूला कडेवर घेतलं आणि त्याचा डबा पिशवीत टाकला. मग म्हणाली, "मुकादमाच्या भाचीला आता दुसरी मशीन शोधावी लागेल."

"आणि ऐक," मावशी म्हणाल्या. मदतनीस मुलगी स्टुलावर चढून काटे मागे फिरवत होती. "उद्यापासून दार साडेसातला उघडणार."

"साडेसातलाच तर उघडता."

"खऱ्या साडेसातला. त्याआधी आत घेता येणार नाही मला. तुझ्याच पानावर चूक लागेल."

टिल्लूच्या आईने मनाशी हिशेब केला. गुरुवारी सात चौतीसची बस मिळाली तरी ती आठच्या आत मशीनवर बसते. तिने मान हलवली.

उद्या गुरुवार. शेजारणीची स्कूटर सात सत्तावीसला फाटकाशी थांबते. तीन मिनिटं टिल्लू आणि त्याची आई पायरीवर बसतील.