माडीखालचा पाइप

आमचं घर वलगावचं. खाली ओसरी आणि कापूस भरायची खोली, वर माडी. माडी लाकडाची. मधून एक मोठी तुळई, तिच्यावर आडवी लाकडं आणि त्यांच्यावर सागवानी फळ्या. झोपणं-उठणं सगळं माडीवरच, कारण खाली जागाच नाही.

बायको शेवटचे काही महिने माडीवरून खाली उतरली नाही. काही लागलं की उशाचा लोटा फळीवर ठोकायची. मी ओसरीत असलो तर हातातलं टाकून वर जायचो. पाणी, औषध, कधी काहीच नाही, नुसतं पाहायचं असायचं तिला. मी चिडायचो, ती हसायची. मग ती गेली.

नंतर माझ्या गुडघ्यांनी बादल्या चढवणं सोडलं. अकोल्याला लेक असते, ती म्हणाली, वर नळ घ्या नाहीतर माझ्याकडे या. अकोल्याला तिच्या घरात मी पाहुण्यासारखा बसतो. जागचं हलावं तर विचारून. म्हणून नळ घेतला. आमचं घर गावच्या टाकीखालच्या उतारावर, पाणी आपल्या जोरानं वर चढतं.

गावातल्याच नळवाल्यानं तुळईखालून पाइप न्यायचा ठरवला आणि पिशवीतून खिळे काढले. मी नाही म्हटलं. घर बांधलं तेव्हा त्या तुळईची पूजा झाली होती. बायको दर दसऱ्याला खुर्चीवर चढून तिला हळदकुंकू लावायची आणि म्हणायची, इले खिळा ठोकू नोका. ती नाही, म्हणून मी तिचा शब्द मोडू का? नळवाल्यानं डोकं खाजवलं. वरच्या लाकडात जुन्या पाळण्याच्या लोखंडी कड्या होत्या, त्यांतून तार ओवून त्यानं पाइप लटकवला. म्हणाला, काका, हालंन. मी म्हटलं, हालू दे.

पाणी दिवसाआड सुटतं, वेळेचा भरवसा नाही. पहिल्यांदा सुटलं तेव्हा मी ओसरीत तुरी निवडत बसलो होतो. आधी हवा आली आणि पाइप हालून वरच्या फळीवर आपटला. ठक, ठक. सूप टाकून मी जिन्याच्या मध्यावर पोचलो, तेव्हा ध्यानात आलं की वर कोणी नाही. तिथंच बसलो.

आणि हे दर पाळीला. नळ आला की मी उठतो, पायऱ्या चढतो, मग आठवतं. एका माणसानं किती वेळा मरावं घरात? नळ बंद करावा तर वर पाणी नाही, पाणी नाही तर अकोला. शेवटी मी पिशवी भरली. लेकीला फोन करून म्हटलं, घ्यायला ये. कारण सांगितलं नाही.

ती आली. चहा घेत होतो तेवढ्यात नळ आला आणि मी कप ठेवून उठलो. तिनं पाहिलं. जिन्यावरून मला खाली आणलं, वर पाइपाकडे पाहिलं. म्हणाली, "बाबा, पाइप नीट काहून नाही बसवला?"

मी तिला आईचा शब्द सांगितला.

"आईनं तुळईले खिळा ठोकू नोका म्हटलं. बाकीच्या लाकडाले कुठी म्हटलं? माह्या पाळण्याच्या कड्या कोनं ठोकून घेतल्या मंग? तिनंच ना?"

मी वर पाहिलं. कड्या आडव्या लाकडांतच होत्या. सुतार बोलावला होता तोही तिनंच. मी उगाच तिच्यापेक्षा कडक झालो होतो.

दुसऱ्या दिवशी नळवाला आला. तुळई सोडून बाकी प्रत्येक लाकडाला त्यानं क्लिप मारली. माझ्या जुन्या सायकलची ट्यूब कापून प्रत्येक क्लिपखाली पट्टी दिली. मी म्हटलं, अजून आवळ. तो म्हणाला, "काका, उन्हानं पाइप वाढते. आवळली तं वाकते. टेकू पायजे तिले, फास नाही." फळीतून पाइप वर जातो ते भोकही त्यानं मोठं केलं आणि त्यात ट्यूब बसवली. तार काढून माझ्या हातात दिली.

पुढच्या पाळीच्या दिवशी दुपारी लेक आणि मी ओसरीत बसलो. ती म्हणाली, पिशवी रिकामी करा. मी म्हटलं, आधी नळ येऊ दे. बसलो. ती तिच्या सासूची गाऱ्हाणी सांगून राहिली, मी वर कान देऊन. काही नाही. मला वाटलं, आज पाणी सुटतच नाही.

तेवढ्यात माझ्या टकलावर थेंब पडला. मग दुसरा, लेकीच्या खांद्यावर. वर तोटी उघडी राहिली होती, बादली भरून पाणी फळ्यांवर आलं होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता.

लेक हसत सुटली. मी जिना चढलो, सावकाश. तोटी बंद केली, फळ्या पुसल्या आणि पिशवीतलं धोतर काढून दोरीवर टाकलं.