दिवे मधोमध हवेत

"अहो, तोंड दाखवून बोला," हे आमच्या इमारतीतल्या काकांचं आल्यागेल्याला पहिलं वाक्य. दूधवाला असो की सोसायटीचे चेअरमन, पाठमोऱ्या माणसाला ते उत्तरच देत नसत. आमच्या कोथरूडमध्ये असं बोलणारा माणूस खडूस ठरतो आणि तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान होतं. माझंही झालं होतं.

इमारतीच्या तळघरात, पार्किंगच्या मागे एक खोली आहे. संध्याकाळी आम्ही निवृत्त मंडळी तिथे भिंतीलगत खुर्च्या टाकून गप्पा मारतो. काका दुपारपासूनच खाली यायला तयार होऊन बसतात, असं काकू सांगायच्या.

मग कमिटीला हुक्की आली. लोंबणारी ट्यूबलाइट काढून फॉल्स सीलिंग करायचं ठरलं. पत्र्याच्या चौकटीत पांढरे चौकोन आणि त्यात बसवलेले गोल दिवे. इलेक्ट्रिशियन शिडीवर चढला, तसे काका शिडीखाली येऊन उभे राहिले.

"दिवे मधोमध घ्या."

"भिंतीलगत हॉटेलसारखे दिसतात, काका."

"आम्हाला टकलं चमकवायची नाहीत, तोंडं बघायची आहेत."

सगळे हसले. दिवे भिंतीलगतच बसले, बरोबर आमच्या डोक्यांवर. कपाळं उजळली आणि नाकाखाली प्रत्येकाच्या सावली पडली.

तेव्हापासून काकांचं बोलणं कमी झालं. ते खुर्ची पुढे ओढत, वाकून बघत. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी धाकटी बहीण गेल्याचं सांगितलं. काका हसून म्हणाले, "वा, छान झालं."

दुसऱ्या दिवसापासून काका यायचे बंद झाले.

खडूसपणाची हद्द झाली, असं सगळे म्हणाले. मला काही ते पटेना. टोमणा मारणारा माणूस मारून मोकळा होतो. काका मात्र बोलून झाल्यावर घाबरून एकेकाचा चेहरा नजरेने चाचपत होते. चौकसपणा हा माझा जुना रोग. मी सरळ त्यांच्या घरी गेले.

त्यांनी मला खिडकीसमोर बसवलं. "कान जाऊन बरीच वर्षं झाली," ते म्हणाले. "मशीन लावलं की नुसती खडखड. ओठ बघून भागवतो. त्या दिवशी वाटलं, बहिणीकडे काही शुभकार्य आहे." मग म्हणाले, "कुणाला सांगू नका. बहिरा म्हटलं की लोक आधी ओरडतात, मग बोलायचंच सोडतात."

मला फार वाईट वाटलं.

दिवे माझ्या डोळ्यांना त्रास देतात, असं सांगून मी कमिटीचं डोकं खाल्लं. शेवटी कंटाळून त्यांनी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. दिव्याचे चौकोन उचलून मधल्या कोऱ्या चौकोनांच्या जागी ठेवायचे, वायर ओढून घ्यायची, एवढंच काम होतं. आता सोसायटीत खडूस मी.

काकांना मी खाली घेऊन आले. त्यांनी त्या बाईंपुढे हात जोडले. "चुकलो. मला कळलं नव्हतं." बाईंनी आपली खुर्ची काकांच्या समोर आणून ठेवली आणि बहिणीबद्दल पहिल्यापासून सांगायला लागल्या.

पुढे एका संध्याकाळी वीज गेली. तळघरात मिट्ट काळोख. एरवी अंधार झाला की आमच्या गप्पांना जास्तच ऊत यायचा. त्या दिवशी मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. दिवे आले आणि मगच राहिलेली वाक्यं पुरी झाली. मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

काकांना जाऊन आता वर्ष होत आलं. परवा पुन्हा वीज गेली, आणि दिवे येईपर्यंत आम्ही सगळे गप्प बसून राहिलो.