व्यवसायाचा रकाना

माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा पुढारी आहे, हे मी लोकांना आपणहून सांगत नाही. सांगायची गरजही पडत नाही. नेरच्या तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे आणि दुकानाच्या बरोबर समोर विजेच्या खांबाला घनश्यामभाऊंचा फ्लेक्स लटकलेला असतो. एक फाटला की दुसरा येतो. पांढऱ्या सदऱ्यातले भाऊजी, हातात फुटलेलं कापसाचं बोंड आणि खाली लिहिलेलं, 'मातीत राबणारा आपला माणूस'. तो फोटो सीतादहीच्या दिवशीचा आहे. कापसाची पहिली वेचणी सुरू करताना वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, त्या दिवशीचा. पूजा विमलताईनं केली होती. फोटोत ती भाऊजींच्या शेजारीच उभी होती, पण फ्लेक्सवाल्यानं तिला कापलं. नीट पाहिलं तर डाव्या कडेला दह्याची वाटी धरलेला एक हात तेवढा राहिलेला दिसतो. रोज दुकान उघडताना मला तो हात दिसतो आणि सकाळी सकाळी डोकं फिरतं.

भाऊजींचं राजकारण सुरू झालं त्याला आता वीस वर्षं होतील. कापसाची बैलगाडी घेऊन दोघं नवरा-बायको नेरला आले होते. खरेदी केंद्रावरच्या माणसानं कापूस ओला आहे म्हणून भाव पाडला. भाऊजी गाडीवर चढले आणि बोलायला लागले. बोलतात छान, हे मी कधी नाकारत नाही. शे-दोनशे शेतकरी जमले, टाळ्या पडल्या, दोन तास वजनकाटा बंद राहिला आणि शेवटी सगळ्यांना पुरा भाव द्यावा लागला. तालुक्यात अजून लोक हे कौतुकानं सांगतात. त्यातलं एक मात्र कोणी सांगत नाही, ते मी सांगतो, कारण मी तिथं होतो. टाळ्यांनी बैल बुजत होते. ते दोन तास कासरा ओढून धरून बैलांच्या तोंडासमोर ताई उभी होती. बैल एकदा जरी उधळले असते, तरी भाऊजींचं राजकारण त्याच दिवशी कापसासकट आडवं झालं असतं.

मग ग्रामपंचायत सदस्य, सरपंच, बाजार समितीचे संचालक, पंचायत समितीचे सभापती. चार निवडणुका, चारही जिंकल्या. चारही वेळचे कागद माझ्याच दुकानात तयार झाले. भाऊजी एकेक पायरी वर चढत गेले आणि तेवढेच वावरातून कमी होत गेले. आधी फवारणी सुटली. मग पेरणीच्या दिवशी कोणाच्या तरी लग्नात सत्कार असायला लागला. सभापती झाल्यावर तर सोबत फोटो काढणारा असेल तरच ते वावराच्या बांधावर, धुऱ्यावर पाय ठेवायचे. आठ एकर वावर ताईनं ओढलं. बियाणं तिनं ठरवायचं, मजूर तिनं आणायचे, पाठीवर पंप घेऊन फवारायचं तिनं, रोही आणि डुकरं हाकलायची तिनं. वरून घरी येणाऱ्या कार्यकर्त्यांचा चहा. दिवसाला किती कप होतात हे भाऊजींनी कधी विचारलं नाही. लोक मात्र मला म्हणतात, तुमच्या भाऊजींनी शेती सोडली नाही हो. ऐकून अंगाचा तिळपापड होतो.

मागच्या वर्षी कुठल्याशा संस्थेनं तुरीच्या पिकासाठी आदर्श शेतकरी पुरस्कार दिला. कोणाला, ते सांगायला नको. शाल भाऊजींच्या खांद्यावर आणि ताई दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवते आहे. मी परतताना तिला म्हटलं, "ताई, तुले काईच वाटत नाई का?"

"वाटून काय करू?" ती म्हणाली. "शाल गरम हाय. वावरात रातच्या जागलीले कामी येईन."

तिच्या असल्या उत्तरांचा मला भाऊजींपेक्षा जास्त राग येतो.

यंदा रखडलेली जिल्हा परिषदेची निवडणूक एकदाची लागली आणि सोडतीत आमचा गट महिलांसाठी राखीव निघाला. भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. जिल्हा परिषदेनंतर आमदारकी, असा त्यांचा हिशेब होता. दोन दिवस ते कोणाचा फोन उचलत नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यांना आठवलं, की आपल्याला बायको आहे. राजदीप म्हणून त्यांचा एक कार्यकर्ता आहे, सदा मागे मागे असतो. त्यानं घरी जाऊन ताईला समजावलं, "वहिनी, तुमाले फक्त उभं राह्याचं हाय. बाकी सारं भाऊ पाहून घेतीन."

"उभीच हावो मी," ताई म्हणाली. "बसाले येळ कुठं भेटते?"

राजदीप हसला. त्याला वाटलं, होकार मिळाला.

फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. तीन वाजेपर्यंत कागद कचेरीत पडायला हवे होते. दीड वाजला तरी ताईचा पत्ता नव्हता, कारण वावरात तुरीची सोंगणी चालली होती. शेवटी राजदीप गाडी घेऊन गेला आणि तिला धुऱ्यावरून उचलून आणलं. हात तुरीनं काळपट झालेले, पदराला काडीकचरा लागलेला. भाऊजींनी तिच्याकडे पाहून कपाळाला आठ्या घातल्या.

मी सगळे कागद तयार ठेवले होते. सोपं काम होतं. भाऊजींची मागची फाइल उघडली, वरचं नाव बदललं, नवऱ्याच्या जागी बायको आणि बायकोच्या जागी नवरा केला आणि प्रिंट काढली. भाऊजींनी पेन पुढे केला. "इथं, इथं अन् इथं. कर सह्या."

ताईनं चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. माझ्या दुकानात इतक्या वर्षांत फॉर्म वाचून सही करणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. आधीच्या चार वेळी तिच्या सहीची गरजच नव्हती, म्हणून तिच्या हातात कोणी कागद दिलाच नव्हता.

"पिंटू, हे निरंक म्हंजे काय?" तिनं विचारलं. गुन्ह्यांच्या रकान्यावर तिचं बोट होतं. मी त्रेचाळीस वर्षांचा आहे, पण ताईसाठी पिंटूच.

"म्हंजे काईच नाई. रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म रद्द होऊ शकते. म्हणून जिथं काई नाई तिथं निरंक लिहा लागते."

"बरं," ती म्हणाली आणि पान उलटलं.

"अवो, त्यानं बराबर भरला हाय, वाचून काय राह्यली?" भाऊजी घड्याळ पाहत म्हणाले. दोन वाजून गेले होते.

तिसऱ्या पानावर ती थांबली. "पिंटू, हे काय लिहिलं?"

"व्यवसाय."

"ते मले वाचता येते. त्याच्यापुढं काय लिहिलं?"

मी वाकून पाहिलं. "गृहिणी."

"अन् त्यायच्या नावापुढं?"

"शेती."

ताईनं पेन टेबलावर ठेवला. "मी नाई करत सही."

भाऊजी उडालेच. मग आवाज खाली आणून म्हणाले, "विमल, तो एक शब्द हाय. कोणी पाहत नाई तो."

"कोणी पाहत नाई तं बदलवा."

"बदलव रे बाबा," भाऊजी मला म्हणाले. मी तिच्या नावापुढचं गृहिणी खोडून शेती टाइप केलं. एवढ्यावर भागेल असं मलाही वाटलं. नवीन पान काढून तिच्यापुढे ठेवलं. तिनं वाचलं आणि बोट पुन्हा खाली गेलं.

"अन् त्यायच्या नावापुढं अजून शेतीच हाय."

"मंग काय राह्यते?" भाऊजी चिडले. "मी शेतकऱ्याचा पोरगा हावो. साऱ्या तालुक्याले मालूम हाय."

ताईनं चष्मा काढला आणि पहिल्यांदाच सरळ त्यांच्याकडे पाहिलं. "नाल्याकाठच्या वावरात यंदा काय हाय?"

भाऊजींनी क्षणभरही विचार केला नाही. "कपाशी. ओळीनं सहा तासं कपाशीची अन् मंग एक तुरीचं. बाबाच्या काळापासून तसंच पेरतो आपण."

"बोंडअळी आली तवापासून तिथं कपाशी नाई लावत मी," ताई म्हणाली. "तीन साल झाले. सारी तूरच हाय. तुमाले पुरस्कार भेटला, तो त्याच तुरीचा होता."

राजदीप बाहेर जाऊन उगाच मोबाइल पाहायला लागला. मला हसू यायला हवं होतं. वीस वर्षं याच घटकेची मी वाट पाहत होतो. पण भाऊजींचा चेहरा असा उतरला, की हसणं जमलं नाही.

"समाजसेवा लिह मंग," ते हळूच म्हणाले.

"तो काई व्यवसाय हाय का?" ताई म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली. "त्याच्यावर घर चाललं असन तं लिहू. शपथेवर द्या लागते ना हे? खरंच लिहा."

"मंग लिहू तरी काय?" मी विचारलं. "रकाना रिकामा नाई ठेवता येत, ताई."

"तूच सांगितलं ना आता. जिथं काई नाई, तिथं काय लिह्यतेत?"

मी भाऊजींकडे पाहिलं. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. अडीच वाजले होते. कचेरी समोरच, पण आत रांग होती. त्यांनी माझ्याकडे न पाहता मान हलवली. मी टाइप केलं, पतीचा व्यवसाय, निरंक. प्रिंट निघाली. भाऊजींनी ते पान उचललंसुद्धा नाही.

ताईनं सगळ्या सह्या केल्या. विमल घनश्याम गावंडे, पूर्ण नाव, सावकाश. दोन ठिकाणी अंगठ्याचा काळा डाग पडला. मी म्हटलं, हे पान पुन्हा काढतो. ती म्हणाली, राहू दे.

कागद पदराखाली घेऊन ती उठली. भाऊजी आधीच पायरी उतरले होते. दारात ती थांबली.

"पिंटू, त्यायचे आधीचे चार फॉर्म कोणं लिहिले होते?"

"मीच," मी म्हटलं. "पह्यल्या वेळी भाऊजीनं सांगितलं, गृहिणी टाक. मंग तेच चालत आलं."

तिनं पदराखालचे कागद सावरले. खांबावरच्या फ्लेक्सवर इतकी वर्षं मी काढलेला राग, भाऊजींना मनात दिलेल्या शिव्या, सगळं तिला माहीत असणार.

"त्यायचं सोड," ती म्हणाली. "तुले तं मालूम होतं."

एवढं बोलून ती रस्ता ओलांडून कचेरीत गेली. भाऊजी तिच्या मागे, चार पावलं अंतर ठेवून. मी आत वळून जुनी फाइल उघडली. चारही फॉर्म तिथंच होते. तिच्या नावापुढचा शब्द चारही वेळा माझ्याच हातचा होता आणि ते कागद केव्हाच जमा झालेले होते.