राणीला भूत दिसलं होतं

नाना मेलेल्या माणसावरही विश्वास ठेवत नसत. "जन्मभर खोटं बोलणारा मेल्यावर सुधारतो का?" असं विचारत. भाजीवालीने वांगी आजची म्हणून सांगितली तर देठ मोडून बघत. शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले. मेहरूण भागातल्या एका हॉलमध्ये दर रविवारी कॉलेजच्या पोरापोरींची नाटकं बसवायचे. मी कोपऱ्यात मशीनवर नाटकाचे कपडे शिवायची. चौथी शिकलेली बाई. मला कोणी काही विचारत नसे, आणि मला ते बरंच होतं.

त्या वर्षी एक जुनी शोकांतिका घेतली होती. मेलेल्या राजाचं भूत येऊन मुलाला सांगतं, माझ्या भावानेच मला मारलं आणि तुझ्या आईशी लग्न केलं. मुलगा वेडाचं सोंग घेतो. पहिल्याच दिवशी नाना भूत झालेल्या पोराच्या मागे लागले. "तू खरं बोलतोस कशावरून?"

"नाना, पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तक काय भुताने लिहिलं?"

राजपुत्राला म्हणाले, "चारचौघांत वेड्यासारखं कोणीही वागतो. एकटा असताना काय करतोस ते दाखव. तिथे मी तुला पकडणार."

मग आईच्या महालातला प्रसंग आला. भूत समोर उभं. मुलाला दिसतं, राणी म्हणते, मला काही दिसत नाही. पोरं वाद घालू लागली, म्हणजे भूत त्याच्या डोक्यातच आहे, तो आता खरंच वेडा झालाय. माझ्या तोंडून निघून गेलं, "राणीला दिसलंय. खोटं बोलतेय ती."

नाना वळले. "कशावरून, अक्का?"

"हो म्हटलं तर पुढचं सगळं कबूल करावं लागेल."

नानांनी राणीला भुताकडे पाठ करून पदर सारखा करायला लावला. पोरं खूश. चहाच्या वेळी मात्र नाना मशीनजवळ आले. "अक्का, तुम्ही कोणत्या गोष्टीला नाही म्हणाला होतात?"

मला राग आला. दोन रविवार गेलेच नाही. तिसऱ्या रविवारी जाऊन सांगून टाकलं.

सासरे छातीत दुखतंय म्हणून तीन दिवस हाका मारत होते. माझा नवरा म्हणाला, गॅस आहे, दवाखाना कशाला. मी सगळं ऐकलं आणि गप्प बसले. तेराव्याला धाकट्या जावेच्या अंगात आलं. सासऱ्यांच्या आवाजात ती विचारू लागली, "तीन दिस हाका मारल्या, कोनीच कसं नाही आलं?" ती तर तेव्हा माहेरी होती, तिला कळलं कसं, हे मला आजही ठाऊक नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "हाका-बिका काही नव्हत्या. हिचं डोकं फिरलंय."

दिराने तिला पहूरला माहेरी सोडलं ते सोडलंच. बारा वर्षं ती तिथे येडी म्हणून राहिली. पेटवून घेईल म्हणून घरचे तिला गॅसजवळ जाऊ देत नसत. माझा नवरा गेला, तरी मी तोंड उघडलं नाही.

नानांनी एवढंच विचारलं, "अंगात आलं होतं की सोंग होतं?"

"माहीत नाही. बोलली ते खरं होतं."

"मग चला पहूरला."

जाऊ दारात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी सुरुवात केली तर तिने हात आडवा केला. "माले काय सांगतं? माले ठाऊक हाये. त्याहिले सांग."

ओट्यावर तिचा भाऊ आणि भावजय बसले होते. त्यांच्यासमोर उभी राहून सांगितलं. भावजय उठली, आतून गॅसचा लायटर आणून जावेच्या हातात दिला. "ताई, चहा तुम्हीच ठेवा."

परतताना बसमध्ये नाना म्हणाले, "आज खरं बोललात, की मी बाजूला उभा होतो म्हणून बोललात?"

दुसऱ्या दिवशी मी एकटीच सासरच्या गावी दिराच्या दारात गेले. त्याने दार लावून घेतलं. मग मी बंद दारासमोर, शेजारपाजारी ऐकू जाईल अशा आवाजात, सगळं सांगितलं.

नानांना हे सांगितलं, तर म्हणाले, "शेजारी घरात होते कशावरून?"

होते. त्यातल्याच एकीने त्या संध्याकाळी जावेला फोन करून, कशी आहेस म्हणून विचारलं. बारा वर्षांत पहिल्यांदा. जावेने हे मला सांगितलं, तेव्हा नानांना जाऊन चार महिने झाले होते.